उजवीकडे सरकणारं मखर

लिफ्टचं दार उघडलं आणि आत एक गृहस्थ मोटारीचा डॅशबोर्ड दोन्ही हातांवर आडवा धरून उभे होते.

मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. अख्खा डॅशबोर्ड. चक्कर आलेल्या माणसाला उचलून न्यावं तसा तो त्यांनी छातीशी धरला होता आणि खालून वायरींचे झुबके लोंबत होते. परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीतल्या त्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. माझी लेक सई तेव्हा पाच वर्षांची. ती घाबरून माझ्या मागे लपली. "अगं, पुढे हो, दार बंद होईल," असं मी तिला म्हटलं मात्र, त्या गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला.

"मराठी? वा! या, या, जागा आहे. फक्त त्या लाल वायरीवर पाय देऊ नका."

"हे काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"डॅशबोर्ड."

"ते दिसतंय. पण लिफ्टमध्ये?"

"मग आठव्या मजल्यावर काय जिन्याने नेऊ?"

तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी माझं माहेर विचारून घेतलं, पाचव्यापर्यंत रविवारचं जेवण ठरलं आणि आठव्यावर कळलं की हे आमचे शेजारीच, दोन दारं सोडून. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी नवऱ्याला सांगितलं, "शेजारी मराठी आहेत," आणि पुढचं वाक्य बोलण्याऐवजी कानशिलाजवळ बोट फिरवून दाखवलं.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत या माणसाने मला इतके धक्के दिले की शेवटी शेवटी मला त्यांची सवय झाली होती, आणि तिथेच माझं चुकलं. बाकीचे धक्के मी आजही चारचौघांत हसून सांगते. एक मात्र हसून सांगता येत नाही.

काका इन्स्ट्रुमेंटेशनवाले होते. म्हणजे कारखान्यात दाब किती, उष्णता किती, टाकीत पातळी किती हे दाखवणारी यंत्रं बसवायची, आणि ती खरं बोलतात की नाही ते तपासत राहायचं. आधी ठाण्याकडच्या एका केमिकल कंपनीत, आणि नंतर वीस वर्षं इथे, एका रिफायनरीत. निवृत्त झाले तरी तपासणं सुटलं नाही. त्या रविवारी मी जेवायला गेले तर त्यांच्या गॅसवरच्या कुकरच्या झाकणातून दाब दाखवणारं एक घड्याळासारखं गेज डोकं वर काढून बसलं होतं. झाकणाला भोक पाडून त्यांनी स्वतः बसवलेलं. मी चटकन सईला ओढून फ्रिजच्या आडोशाला गेले.

"शिट्ट्या मोजत नाही आम्ही," काका म्हणाले. "शिट्टी म्हणजे अफवा. आकडा म्हणजे बातमी."

काकू शांतपणे कोशिंबिरीला फोडणी देत होत्या. "ये गं बाहेर," त्या मला म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली. अजून छत शाबूत आहे."

ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, माशांचं सूप विकणारा एक म्हातारा चिनी होता. काकांनी एकदा त्याच्याकडून एका गिऱ्हाइकाने घेतलेल्या वाटीत खिशातला थर्मामीटर बुडवला. स्वतः काका शाकाहारी. सूप दुसऱ्याचं. मी तिथेच होते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अंकल, व्हाय यू पोक पीपल्स सूप?" म्हातारा ओरडला.

"सेव्हंटी वन डिग्री. व्हेरी गुड."

"ऑफ कोर्स गुड लाह! आय कुक थर्टी इयर्स!" वाक्याच्या शेवटी लाह, लेह चिकटवायची ही इथल्या इंग्रजीची तऱ्हा.

"मी टू थर्टी इयर्स," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. त्यानंतर त्या दोघांची अशी गट्टी जमली की म्हातारा रोज सकाळी पहिल्या पातेल्याचं तापमान काकांकडून मोजून घ्यायचा. सगळ्या जगाचं मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचं ब्लड प्रेशर मात्र काकूंना कधी मोजू दिलं नाही. "मी चालू स्थितीत आहे," एवढं बोलून विषय संपवायचे.

आता तो डॅशबोर्ड. काकांची गाडी दहा वर्षांची झाली होती. इथे गाडीचा परवाना दहाच वर्षांचा असतो, आणि तो संपला की बहुतेक लोक ती सरळ भंगारात काढतात. काकांनी रीतसर तिची मुदत वाढवून घेतली, आणि ती आता म्हातारी झाली म्हणून तिची नाडी सतत हाताखाली हवी असं ठरवलं. गाडीत इंजिनाच्या उष्णतेचा काटा असतो की, असं मी भाबडेपणाने म्हटलं. झालं! काका ताडकन उठले.

"तो काटा थापा मारतो! पंचाहत्तर डिग्री असो, शंभर असो, मधोमध उभा. का? तर गिऱ्हाइकाने घाबरू नये. घाबरायची वेळ आली की मग एकदम लाल. म्हणजे माणूस मेल्यावर डॉक्टरला बोलावणं!"

म्हणून त्यांनी खरं बोलणारी तीन गेजं आणली. इंजिनाची उष्णता, तेलाचा दाब आणि बॅटरी. ती बसवायला बाजारात तयार खोबण्या मिळतात, पण त्या काकांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी डॅशबोर्डच सोडवून घरी आणला आणि त्याच्या मापाची खोबणी हाताने घडवायला घेतली. पुठ्ठ्याचा साचा केला, पीव्हीसी पाइपची तीन कडी कापून त्यावर हव्या त्या कोनात चिकटवली, वरून काकूंचा जुना परकर ताणून बसवला आणि त्यावर रेझिन चोपडलं. ते वाळून दगडासारखं झालं की पुट्टी, मग घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. हे सगळं आमच्या सामायिक कॉरिडॉरमध्ये. रेझिनचा वास असा की माझे डोळे चुरचुरायचे. पलीकडची चिनी आंटी नाकाला रुमाल लावून बाहेर आली, "अंकल, सो स्मेली लेह! माय हेड पेन ऑलरेडी!" दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी संत्र्यांची पिशवी होती, आणि सोबत भिंतीवर लावायचा एक थर्मामीटर.

काम पुरं झालं तेव्हा मात्र मी बघतच राहिले. काळं कुळकुळीत, कुठे सांधा दिसत नाही, जणू गाडी जन्माला येतानाच ते घेऊन आली होती. काकू त्याला मखर म्हणायच्या. "माझा परकर गाडीत बसून एक्स्प्रेसवेवर फिरतो आणि मी बसने जाते," असंही म्हणायच्या. त्यांना मोटार लागते, उलट्या होतात, त्यामुळे त्या गाडीत कधी बसतच नसत. पुढच्या सगळ्या प्रकारात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

पहिलं मखर डॅशबोर्डच्या मध्यावर होतं, मी शेजारी बसून तिन्ही काटे बघू शकायचे. सात-आठ महिन्यांनी काकांनी ते फोडून टाकलं. इतकी मेहनत, आणि सरळ हातोडा! मी हळहळले. "जागा चुकली होती," ते म्हणाले. दुसरं मखर स्टिअरिंगच्या वर आलं, आणि त्यात चौथं गेज, वेगाचं, लाल ठळक आकड्यांचं.

"वेग तर खाली दिसतोच ना, काका?"

"खाली कशाला बघायचं? डोळ्यासमोर हवं. एखादं यंत्र दिसत नसेल तर दोष माणसाचा नसतो, मांडणीचा असतो. प्लांटमध्ये मी निम्मी नोकरी गेजं हलवण्यातच घालवली."

तिसरं मखर उजव्या कोपऱ्यात गेलं, काकांच्या खिडकीलगत. चौथं तर डॅशबोर्ड सोडून खिडकीच्या खांबावरच चढलं, त्यांच्या नजरेच्या उंचीवर. मला माझ्या सीटवरून त्यातलं काही दिसत नव्हतं. आम्ही सगळे हसायचो. काकांचं मखर आणखी दोन वर्षांनी खिडकीतून बाहेर जाणार आणि मग पलीकडच्या लेनमधून वाचावं लागणार, हा विनोद मीच केला होता. काकाही हसले होते.

मी कुठे जायचे त्यांच्या गाडीतून, तर दर रविवारी शहराच्या दुसऱ्या बाजूला, सेरंगूनला. तिथे एका कुटुंबाच्या कॉन्डोमधल्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या, हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचा मुलांसाठी मराठीचा वर्ग भरायचा आणि मी त्यात शिकवायचे. आठवडाभर तांजोंग पगारच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. रविवारी फुकट ऱ्हस्वदीर्घ शोधायचे. काकांनी आपणहून नेण्या-आणण्याची जबाबदारी घेतली होती. पुढे ते आणि मी, मागे सई आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघी बहिणी. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गाड्या बदलत, तीन पोरी आणि पुस्तकांच्या पिशव्या सांभाळत जाण्यापेक्षा हे सुख मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आणि याच गाडीत काकांनी तो खेळ काढला. डावीकडे काय?

मुलांचं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. आपण विचारलं, "जेवलीस का?" की उत्तर, "फिनिश ऑलरेडी." काकांचा नियम असा, की डावीकडे जे दिसेल ते मागच्या पोरींनी मोठ्याने, पूर्ण मराठी वाक्यात सांगायचं. उभ्या वस्तूला एक गुण. हलणाऱ्या वस्तूला पाच. माणसाला दहा. लहान मूल दिसलं तर वीस.

"डावीकडे बस कमिंग!"

"मराठीत!"

"डावीकडून बस येतेय लाह!"

"लाह मराठीत नाही. चार गुण."

सहा महिन्यांत पोरी पोपटासारख्या बोलायला लागल्या. "डावीकडून एक आजी सायकल घेऊन येत आहेत." "डावीकडची लॉरी आपल्या लेनमध्ये शिरत आहे." येत आहेत आणि येत आहे यातला फरक माझ्या दोन वर्षांच्या व्याकरणाने त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या खेळाची तारीफ केली. आणखी दोन पालकांनी आपापल्या गाडीत तो सुरू केला. सईला तर मी बजावून ठेवलं होतं, मोठ्याने बोल, काकांना ऐकू गेलं पाहिजे. मी स्वतः पुढे बसून मांडीवर वही घेऊन त्या दिवशीचा धडा बघत असायचे. रस्त्याकडे माझं लक्षच नसायचं.

गाडीची डावी चाकं खरवडलेली होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, इथल्या कार पार्कचे खांब चुकीच्या जागी बांधलेत. मला ते पटलंसुद्धा.

मग तो शनिवार आला. मुलांना अक्षरं कापायला पुठ्ठे हवे होते. काकांनी आपल्या सामानातून एक गठ्ठा आणून दिला, मखरांचे जुने साचे. दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कात्री घेऊन बसले आणि पहिला पुठ्ठा उलटा केला.

मागच्या बाजूला पेन्सिलीने एक चित्र होतं. ड्रायव्हरच्या जागेवरून गाडी जशी दिसेल तसं, समोरची काच, स्टिअरिंग, दोन्हीकडचे आरसे. त्यावर निळे ठिपके आणि लाल फुल्या, आणि कोपऱ्यात तारीख. लाल फुल्या थोड्याच होत्या, खाली डावीकडे. दुसऱ्या पुठ्ठ्यावर जास्त. तिसऱ्यावर त्या वर सरकल्या होत्या. चौथ्यावर डावी सगळी बाजू आणि खालची पट्टी लाल, निळे ठिपके फक्त वर उजवीकडे दाटीने, आणि नेमकी तिथेच चार वर्तुळं काढलेली. गेजांची. काकांच्या त्या सुबक अक्षरात बाणांनी लिहिलं होतं, "स्पीडोमीटर, गेला. डावा आरसा, गेला. फूटपाथ, गेला." आणि सगळ्यांत खाली, "डावी बाजू: मुली वाचतात. तीन आहेत. पुरेशा."

मला वाटलं, गाडीतल्या बिघाडांची यादी असेल. खरंच सांगते, मी तो पुठ्ठा तीनदा वाचला आणि मला काही कळलं नाही. माणसाचं डोकं अशा वेळी मुद्दाम मंद होत असावं.

सई केळं खात खात टेबलाशी आली आणि तिने लाल फुल्यांवर बोट ठेवलं. "दिस इज काकांची गाडी. ही साइड त्यांना दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"नथिंग. म्हणून आम्ही सांगतो ना."

"सई, तुला कोणी सांगितलं हे?"

"नोबडी टोल्ड. काका ऑल्वेज विचारतात ना, गेली का बस, गेली का बस. मला वाटलं तुला माहितीये." तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "यू ऑल्सो इन द कार, व्हॉट."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. दर रविवारी जातायेता, एक्स्प्रेसवेवरून, माझी सात वर्षांची मुलगी गाडी चालवत होती. आणि मी शेजारी बसून अनुस्वार तपासत होते.

त्यानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी सावरासावर करत बसायला नको. काकांनी सोमवारी स्वतः जाऊन लायसन्स परत केलं. गाडी भंगारात गेली. मी आणि काकू त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची नाकाकडची निम्मी बाजू गेलेली. उरलेलं औषधाच्या थेंबांवर टिकून आहे. काकू हादरल्या, पण त्यांना हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. गेल्या दोन वर्षांत काकांनी घरातला टीव्ही, घड्याळ, स्वतःची जेवणाची खुर्ची, देवांच्या तसबिरीसुद्धा एकेक करून हलवल्या होत्या, म्हणजे सगळं आपल्या उजव्या हाताला येईल असं. "आणि मी मेली समजत होते, की उतारवयात यांच्या अंगात वास्तुशास्त्र शिरलं!" असं म्हणून त्या दवाखान्यातच हसायला लागल्या, आणि मग रडायला लागल्या. काका पाच महिने माझ्याशी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये भेटलो तर मजल्यांचे आकडे बघत उभे राहायचे. मीही बोलले नाही. मला त्यांचा राग होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पण त्या शनिवारी, चार वाजता, मी पुठ्ठा घेऊन कार पार्कच्या पाचव्या मजल्यावर गेले. शनिवारी चारला ते गाडी पुसत असत. सईला नवऱ्याजवळ ठेवून मी पळतच गेले होते.

"हे काय आहे?" मी पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला.

तो वाचायला त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली. इतके दिवस ते असंच वाचत होते आणि मी त्याला लकब समजत होते.

"अरे, हा तुझ्या गठ्ठ्यात आला होय? बरं झालं आणलास. हा मला लागतो."

"काका, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही?"

"दिसत नाही असं नाही," ते फडकं पिळत म्हणाले. "रीडिंग येत नाही."

"किती दिवस?"

"दोन वर्षं होतील. काचबिंदू आहे. एकदा दाखवलं होतं. गेलेलं परत येत नाही म्हणाले."

"आणि गाडी चालवू नका, असं नाही म्हणाले?"

"मी परत गेलोच नाही. म्हणणार कधी?"

ते इतके शांत होते की मलाच वेड लागलंय की काय असं वाटलं. त्यांनी मला बोनेटवर बोट फिरवत समजावून सांगितलं. प्लांटमध्ये एक गेज बंद पडलं म्हणून कोणी प्लांट बंद करत नाही. दुसरं लावतात. आणि जागा धोक्याची असेल तर एकावर विसंबत नाहीत, तीन लावतात. तिन्हींचं वाचन जुळलं की ते खरं.

"तीन काय? गेजं आहेत ती? मुलं आहेत, काका! माझी मुलगी आहे त्यात!"

"सगळ्यांत अचूक तीच," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "एकदाही चुकली नाही. मी नोंद ठेवली आहे."

माझा हात वर गेला. वडिलांच्या वयाच्या माणसावर माझा हात वर गेला, आणि तो हवेत बघून मीच घाबरले. त्यांना तो दिसलाही नसावा, कारण मी डावीकडे उभी होते. पण माझा श्वास त्यांना ऐकू आला. फडकं बादलीत टाकून ते म्हणाले, "मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू बसली नसतीस."

"अर्थात बसले नसते!"

"मग? रविवारी दहा मिनिटं आधी मी खाली येऊन उभा राहतो. पोरी पळत येतात, काका, काका करत. बाकी आठवडाभर मला कोण हाक मारतं? लायसन्ससाठीची पासष्टीची मेडिकल आठ महिन्यांवर आहे. त्यात तसंही सगळं बाहेर येईलच. तेवढे आठ महिने राहू दे."

खरं सांगायचं तर मी पुठ्ठा खाली घेतला. आणि दुसऱ्याच क्षणी मला त्या खेळाचे गुण आठवले. लहान मूल दिसलं तर वीस.

"चाचणी घेऊ," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बदलला. काका भांडणाला नाही म्हणू शकत होते, विनवणीला नाही म्हणू शकत होते, पण चाचणीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी किल्ली मागून घेतली. त्यांना त्यांच्या जागी बसवलं. समोर चार गाड्यांची जागा रिकामी होती आणि पलीकडे एक खांब.

"नजर त्या खांबावर. मी डावीकडून चालत येते. मी दिसले की हॉर्न."

"मान हलवायची नाही? रस्त्यावर मी मान हलवतो."

"मूल पळत आलं तर मान वळवायला वेळ मिळतो?"

त्यांनी विचार केला. "बरोबर. अट योग्य आहे."

पहिल्या वेळी मी सरळ चालत आले. मागच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंत, मग गाडीपुढे दोन पावलं अंतर राखून. डावा दिवा ओलांडला, बोनेटचा मध्य आला, आणि हॉर्न वाजला. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघ! आलं की नाही रीडिंग?"

"आता पुन्हा," मी म्हटलं. "खांबाकडे बघा."

सईचं डोकं माझ्या छातीला लागतं. मी गुडघे वाकवले, तेवढी बुटकी झाले आणि चालायला लागले. कुर्ता जमिनीला घासत होता. पिशव्या घेऊन आपल्या गाडीकडे निघालेली एक बाई मला बघून थबकली. "एक्सरसाइज आह?" तिने विचारलं. मी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

पुढचं दार गेलं. आरसा गेला. डावा दिवा गेला. हॉर्न नाही. बोनेटचा मध्य आला. वाज ना, मी मनात म्हणत होते. मला हरायचं होतं. त्यांनी मला पाहिलं असतं आणि मी मूर्ख ठरले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. मी आणखी एक पाऊल टाकलं आणि थेट त्यांच्या समोर आले, दोन पावलांवर. काच स्वच्छ पुसलेली होती. माझ्या डोक्यावरून ते खांबाकडे एकटक बघत होते, एक हात हॉर्नवर तयार, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

मी तशीच थांबले.

"चल," काका म्हणाले. "कर की सुरू."

मी उभी राहिले.

हॉर्न वाजला. आणि मग तो थांबेच ना. पाचही मजल्यांवर तो आवाज घुमत राहिला, ती बाई पिशव्या टाकून कानांवर हात ठेवून उभी राहिली, आणि काका माझ्याकडे बघत होते, तोंड उघडं, जणू मी जमिनीतून उगवले होते. मी धावत त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून हॉर्नवरून काढला.